कृपया हात लावू नये

आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं एखादं गाव पाहून आलेला मराठी माणूस घरी परतल्यावर दोन वाक्यं हमखास बोलतो. "काय शांत, काय स्वच्छ!" हे पहिलं. आणि "नाहीतर आपल्याकडची देवस्थानं..." हे दुसरं. दुसरं वाक्य पूर्ण करायची कधी गरजच पडत नाही. ऐकणारे मान डोलावतात, चहा येतो, विषय संपतो. माझी मान मात्र हल्ली हलत नाही. याला कारण आर्डमोर.

आर्डमोर हे वॉटरफर्ड काउंटीतलं, दक्षिण किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. कॉर्क शहरातून गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता. आयरिश भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ 'मोठं टेकाड' असा, आणि गाव आहेही तसंच. एका बाजूला लांबच लांब वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला समुद्रात घुसलेलं टेकाड, आणि या दोघांच्या बेचक्यात वसलेली वस्ती. मुख्य रस्ता एकच. रमतगमत गेलात, प्रत्येक खिडकीत डोकावलात, तरी पंधरा मिनिटांत संपतो. दोन्ही बाजूंना बसकी, एकमेकांना चिकटलेली घरं. कुणाची भिंत लिंबाच्या रंगाची, कुणाची फिकट निळी, काही घरांवर अजून गवताचं शाकारलेलं छप्पर. दारांवर फुलांच्या टोपल्या टांगलेल्या. पब, किराणा, आइस्क्रीम, झालं गाव.

आयर्लंडमध्ये १९५८ सालापासून 'टायडी टाउन्स' नावाची स्पर्धा दरवर्षी होते. गावोगावचे लोक समिती करतात, स्वतः कचरा उचलतात, कुंपणं रंगवतात, फुलझाडं लावतात आणि मग सरकारी परीक्षक येऊन गुण देतात. (आपल्याकडच्या गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची आठवण यावी असाच प्रकार.) १९९२ साली या स्पर्धेत देशभरात पहिलं आलेलं गाव म्हणजे आर्डमोर. तेव्हा पाहुण्यांना हे गाव आवडतं यात नवल काहीच नाही. मलाही आवडतं. स्वच्छतेबद्दल माझं काही भांडण नाही, ती लोकांनी कंबर वाकवून केलेली आहे. माझं भांडण आहे ते त्या "शांत" या शब्दाशी.

रस्त्यावरून टेकडी चढून वर गेलं की तो सुप्रसिद्ध गोल मनोरा लागतो. बाराव्या शतकातला, सुमारे तीस मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला आणि डोक्यावर दगडी टोपी घातलेला. त्याचं दार जमिनीपासून जवळजवळ चार मीटर उंचीवर आहे. म्हणजे शिडी लावल्याखेरीज आत जाता येत नाही. असे मनोरे आयर्लंडभर आहेत आणि ते कशासाठी बांधले यावर एकेकाळी विद्वानांची मोठी जुंपली होती. १८३४ साली हेन्री ओब्रायन नावाच्या एका गृहस्थांनी तर पुस्तकच लिहून टाकलं की हे मनोरे पूर्वेकडून आलेल्या लोकांनी बांधलेली बौद्ध लिंगपूजेची देवळं आहेत! आपले काही इतिहाससंशोधक वाचून हेवा करतील. पुढे जॉर्ज पेट्रीनं शांतपणे पुरावे मांडून दाखवलं की हे मनोरे ख्रिस्ती मठांचे, मुख्यतः घंटेसाठी बांधलेले. खरं तर आयरिश भाषेत त्यांना जे नाव आहे त्याचा अर्थच घंटाघर असा होतो. गावकऱ्यांना विचारलं असतं तरी काम भागलं असतं.

मनोऱ्याशेजारी कॅथीड्रलचे अवशेष. छप्पर कधीच गेलेलं. पश्चिमेकडच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूनं कमानींच्या ओळी आणि त्यांत कोरलेल्या आकृत्या आहेत. आदम आणि ईव्ह, शलमोन राजाचा न्यायनिवाडा, बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष. आठशेहून जास्त वर्षं समुद्रावरचा वारा आणि पाऊस खाऊन त्यांचे चेहरे पुसट झालेत. आदम-ईव्हमधलं झाड ओळखू येतं, बाकी डोळे बारीक करून आणि थोडं मनानं घालून बघावं लागतं. आतल्या बाजूला ओघम लिपीतले दगड ठेवले आहेत. कडेवर फक्त रेघा. या लिपीत आयरिश भाषेतली सगळ्यांत जुनी लिखाणं आहेत. म्हणजे ज्यांनी हे कॅथीड्रल बांधलं त्यांच्या दृष्टीनंही ते दगड पुराणकाळातलेच होते.

कबरस्तानात जरा बाजूला एक लहानशी दगडी खोली आहे. संत डेक्लनची कबर इथली, असं मानतात. डेक्लन हा या भागाचा संत. परंपरा सांगते की सेंट पॅट्रिक आयर्लंडमध्ये येण्याआधीच, पाचव्या शतकात, यानं इथे ख्रिस्ती धर्म आणला. (वॉटरफर्डच्या लोकांना हे सांगताना विशेष आनंद होतो. सगळा मान त्या पॅट्रिकला का, असा एक सूर असतो.) खोलीच्या आत जमिनीत एक खड्डा आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथली मूठभर माती घरी नेत आले, ती रोगराईपासून राखते म्हणून. खड्डा झाला तो त्या मुठींनी. आता तिथे माहितीचा फलक आहे, आजूबाजूला नीट कापलेलं गवत आहे, आणि पाहणारे लोक दारातून वाकून एक फोटो काढून पुढे जातात.

इथे उभं राहिलं की ती शांतता येते. छान वाटतं, नाही म्हणत नाही. पण ही शांतता आली कुठून?

याच मनोऱ्यात १६४२ साली बंडखोरांनी आसरा घेतला होता. इंग्रजांच्या बाजूच्या फौजेनं वेढा घातला, आतले लोक शरण आले आणि त्यांतल्या पुष्कळांना फाशी दिलं गेलं. त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधी, सोळाव्या शतकात, राजानं धर्म बदलला तशी देशातली जुनी चर्चं राजाच्या नव्या चर्चकडे गेली होती. लोक मात्र बहुतांशी जुन्या कॅथलिक धर्मातच राहिले. म्हणजे देऊळ एकाकडे आणि भक्त दुसरीकडे! बरं, ज्या चर्चमध्ये आपण पाऊल ठेवत नाही त्याच्या पाद्र्यासाठी पिकाचा दशांश मात्र कॅथलिक शेतकऱ्यालाही द्यावा लागे. १८३०च्या दशकात यावरून रक्त सांडलं. अखेर १८६९ च्या कायद्यानं त्या चर्चचा सरकारी दर्जा गेला.

हे सगळं आर्डमोरमध्ये दगडांत बघायला मिळतं. टेकडीवर कुणाचंच न राहिलेलं जुनं कॅथीड्रल. खाली गावात एकोणिसाव्या शतकात बांधलेलं प्रोटेस्टंटांचं छोटं सेंट पॉल्स चर्च, आणि कॅथलिकांचं वेगळं सेंट डेक्लन्स चर्च. एवढ्याशा गावात तीन. सेंट पॉल्सच्या आवारात कादंबरीकार मॉली कीन यांची कबर आहे. 'गुड बिहेव्हियर' या त्यांच्या कादंबरीचं नाव १९८१ च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होतं. त्यांनी आयुष्यभर ज्या मोठ्या वाड्यांमधल्या जमीनदार घराण्यांबद्दल लिहिलं, ती घराणी याच चर्चमधली. कादंबऱ्यांत जशी ती विरत गेलेली दिसतात तशीच या बाकांवरूनही विरत गेली. त्या आवारातसुद्धा शांतताच असते.

आणि कॅथलिक चर्च? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधले दहातले नऊ कॅथलिक दर रविवारी चर्चला जात होते. आज तसं म्हणायची कुणाची छाती नाही. जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०११ साली ८४ टक्के होते, २०२२ साली ६९ टक्के. आणि म्हणवणं निराळं, रविवारी उठून जाणं निराळं. संस्थेनं मुलांवर आणि बायकांवर जे अत्याचार केले, दडवले, ते बाहेर आल्यावर लोकांचं मन उडालं, यात त्यांचा दोष काय? पण म्हणून गावच्या तिसऱ्या चर्चमध्येही ती "छान" शांतता हळूहळू पसरते आहे हे तर खरंच. अजून पन्नास वर्षांनी तिथेही माहितीचा फलक लागला, गवत कापलं गेलं, तर आमचा पाहुणा म्हणेल, काय शांत, काय स्वच्छ.

आता दुसरी वाट. किनाऱ्याकडून मुख्य रस्ता सोडून कड्याच्या बाजूला चालत गेलं, हॉटेल मागे टाकलं, की कड्यावरची पायवाट सुरू होते. चारेक किलोमीटरचा फेरा आहे, वळून पुन्हा गावातच येतो. सुरुवातीलाच डेक्लनची विहीर लागते. विहीर म्हणजे आपल्यासारखी रहाटाची नव्हे. दगडी चौकटीत झिरपणारा झरा आणि मागे एका पडक्या चर्चच्या भिंती. संतानं म्हातारपणी एकांतासाठी ही जागा निवडली म्हणतात. समोर नुसता समुद्र आहे, निवड चुकली नाही.

इथल्या दगडांवर क्रूस आहेत. कोरलेले नव्हेत, ओरखडलेले. येणारा माणूस जमिनीवरचा एखादा खडा उचलतो आणि आधीच असलेल्या क्रुसावरून पुन्हा एकदा उभी आणि आडवी रेघ ओढतो. शेकडो वर्षांच्या अशा रेघांनी दगडात खोल खाचा पडल्या आहेत. एकदा मी तिथे असताना एक आजीबाई आल्या. हातात खरेदीची पिशवी. त्यांनी कुठे इकडेतिकडे पाहिलं नाही, खडा उचलला, खर्र-खर्र असा आवाज करत क्रूस ओढला, तोंडानं काही पुटपुटल्या, पाण्यात बोटं बुडवली आणि आल्या तशा निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "वारा आहे आज." बस. एवढंच. टेकडीवर सगळं बघून जे कळलं नव्हतं ते त्या खर्र-खर्र आवाजात मला कळलं, की ही जागा अजून चालू आहे.

किनाऱ्यावर आणखी एक दगड आहे. कथा अशी की डेक्लन वेल्समधून परत येताना त्याची घंटा तिकडेच राहिली. त्यानं प्रार्थना केली आणि एक शिळा ती घंटा घेऊन समुद्रावर तरंगत मागोमाग आली. जिथे ती टेकली तिथे मठ झाला. भूगर्भशास्त्र सांगतं की हिमयुगात बर्फानं वाहून आणलेला हा दगड आहे. म्हणजे शिळा दुरून वाहत आली इथपर्यंत दोघांचं एकमतच आहे, वाद आहे तो वाहनाचा. ही शिळा खालच्या खडकांवर अशी टेकली आहे की मधे थोडी पोकळी राहते. त्या पोकळीतून सरपटत पलीकडे गेलं की पाठदुखी जाते असा समज. मात्र पापी माणूस अडकतो! (पोट सुटलेल्यांनी याचा काय अर्थ लावायचा तो लावावा.)

डेक्लनचा दिवस २४ जुलै. त्या सुमाराची ही जत्रा, तिला इथे 'पॅटर्न' म्हणतात, मूळ शब्द 'पेट्रन', म्हणजे ग्रामदैवतासारखा पालक संत. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडभरच्या या जत्रांना तोबा गर्दी लोटायची. गुडघ्यांवर चालत प्रदक्षिणा, विहिरीचं पाणी, शिळेखालून सरपटणं, आणि हे उरकलं की तंबूंत दारू, नाच, सारंगी, गटागटांच्या लाठ्याकाठ्या. १८३६ साली डब्लिनच्या फिलिप हार्डी यांनी पवित्र विहिरींच्या या प्रकारावर सबंध पुस्तक लिहिलं. सूर अर्थातच 'काय हा अडाणीपणा' असा. तो प्रोटेस्टंट होता हे एक वेळ समजू. पण पुढे, विशेषतः १८५० नंतर, कॅथलिक बिशपांनीही हेच केलं. देवाचं काय ते चर्चच्या छपराखाली, पाद्र्यासमोर, बाकावर नीट बसून करा. उघड्यावरचं बंद. बहुतेक गावांत ते बंद झालंही. जागा ओस पडल्या, गवत वाढलं, मग ते कापायला माणूस आला.

तर ही शांतता अशी आली आहे. थोडी तलवारीनं, थोडी कायद्यानं, थोडी आपल्याच धर्ममार्तंडांच्या लाजेनं, आणि उरलेली लोकांनी पाठ फिरवल्यामुळे. ती सभ्यतेची खूण आहे असं समजून आपण आपल्या गावच्या जत्रेकडे तुच्छतेनं बघावं, हे मला मुळीच पटत नाही. हार्डीसाहेबांचं पुस्तक आणि आमच्या पाहुण्यांचं अर्धवट वाक्य यांत मला फारसा फरक दिसत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे सगळं आलबेल आहे असा नव्हे. काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासायचा, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा लावायच्या आणि वर त्याला जीर्णोद्धार म्हणायचं, हे पाहिलं की माझाही जीव तुटतो. कॅथीड्रलच्या त्या झिजलेल्या आदम-ईव्हला कुणी नवे चेहरे बसवले नाहीत, याबद्दल इथल्या लोकांना सलामच. तेवढं आपण खुशाल शिकावं.

पण जपणं म्हणजे हात न लावणं, असं जे समीकरण झालं आहे त्याचं काय? कायद्याच्या भाषेत बोलायचं तर संरक्षित दगडावर ओरखडा काढणं चूकच. एका शिकलेल्या ओळखीच्या माणसाला मी त्या आजींबद्दल सांगितलं तर तो कळवळून म्हणाला, "अरेरे, दगड झिजतो ना!" झिजतो. मान्य. पण त्या दगडावर पाहण्यासारखं जे आहे ते त्या झिजेनंच तर झालं आहे. उद्या दोरी बांधून फलक लावला, 'कृपया हात लावू नये', तर खाचा जशाच्या तशा टिकतील, आणि वीस वर्षांत कुणाला आठवणार नाही की त्या कशाच्या. टेकडीवरच्या त्या मातीच्या खड्ड्याचं जे झालं तेच.

पंढरपूरला हाच पेच आहे. लाखो लोक विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवतात, हात लावतात, मूर्ती झिजते, म्हणून वेळोवेळी वज्रलेप करावा लागला. २०२४ साली मंदिराच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद होतं, पण ते काम झाल्यावर पुन्हा सुरू केलं. मला हे योग्य वाटतं. हात लावायचाच नाही असं ठरलं तर मूर्ती सुरक्षित राहील, पण पदस्पर्शाशिवाय पंढरपूर म्हणजे नेमकं काय उरेल? अर्थात आर्डमोरच्या आजीबाई एक आणि आषाढीचे वारकरी लाखांनी, तेव्हा एकाचा नियम दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही हेही कबूल. लाखांच्या गर्दीला रांग हवी, डागडुजी हवी, वेळप्रसंगी अटकावही हवा. एका आजीला अटकाव कशाला?

गंमत म्हणजे आयरिश लोकांनाही आता काहीतरी हुकल्यासारखं वाटत असावं. कॅशेलपासून आर्डमोरपर्यंतची डेक्लनची जुनी वाट, सुमारे ११५ किलोमीटर, दुरुस्त करून २०२१ साली पुन्हा खुली झाली. लोक पाठीवर सॅक लावून चार-पाच दिवस चालतात. सगळेच भाविक असतात असं नाही. कुणी तब्येतीसाठी, कुणी मोडलेल्या लग्नाच्या दुःखात, कुणी नुसतंच. वारीतही नाहीतरी सगळे विठ्ठलासाठीच चालतात असं थोडंच आहे? जत्रेचा आठवडाही जुलैमध्ये साजरा होतो, लाठ्याकाठ्या वगळून. रविवारी चर्चला न जाणारी माणसंसुद्धा विहिरीवर मात्र वाकतात, हे मी पाहिलं आहे. बाकावर बसवलेला धर्म त्यांनी सोडला, हातानं करायचा तेवढा राखला.

विहिरीच्या पुढे वाट कड्याच्या कडेकडेनं जाते. खाली खडकांत एका मोठ्या क्रेनचा गंजलेला सांगाडा दिसतो. 'सॅम्सन' तिचं नाव. १९८७ च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलहून माल्टाला ओढून नेत असताना वादळात दोर तुटला आणि ती इथे येऊन आदळली. वरचे दोघे हेलिकॉप्टरनं वाचले. तिचं कुणी काही केलं नाही. आता पक्षी बसतात. आणखी पुढे नेपोलियनच्या भीतीनं बांधलेला टेहळणीचा बुरूज आणि त्याच्याजवळच दुसऱ्या महायुद्धातली सिमेंटची चौकी. एवढ्याशा टेकाडानं कुणाकुणाची वाट पाहिली आहे. तिथून मग शेतांमधून वळत मनोऱ्याच्या बाजूनं पुन्हा गावात उतरता येतं.

कधी गेलातच तर एक करा. सगळे करतात तसं आधी मनोऱ्याकडे जाऊ नका. सकाळी लवकर विहिरीवर जा आणि थोडं थांबा. कुणी आलं तर बाजूला व्हा, कॅमेरा खाली ठेवा. कुणी नाही आलं तर खडे तिथेच पडलेले असतात, उचलायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. शिळेसाठी मात्र ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. भरती असेल तर पुण्यवानालाही खालून जाता येत नाही.